देवाच्या रानाभोवतीचा जळका पट्टा

माझा हात लवकर उठतो हे आमच्या नात्यात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि मला त्याचा थोडा अभिमानच होता. स्वातंत्र्य येऊन पाच-सहा वर्षं झाली असतील, तेव्हा मला जंगलखात्यात नाकेदाराची नोकरी लागली. शिरपूरच्या उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याशी माझा नाका. अंगावर खाकी, हातात बांबूची काठी आणि डोक्यात पक्कं बसलेलं, की जंगल सरकारचं आणि आदिवासी त्याचा वैरी. हे मला कुणी शिकवलं ते आठवत नाही. शिकवायची गरजच पडली नसावी.

माझ्या हद्दीत पावरा लोकांचं एक गाव होतं. गावाच्या वरच्या अंगाला त्यांच्या देवाचं रान. मोह, अंजन, बेहडा, सगळी जुनी झाडं, आणि मधोमध एक झरा. गाव वैशाखातसुद्धा त्याच झऱ्याचं पाणी प्यायचं. रानाच्या शिवेवर एक धोंडा होता. कुऱ्हाडी त्या धोंड्याशी ठेवायच्या, पायातलं काढायचं, मग आत जायचं. पडलेली फांदीही चुलीला आणायची नाही. बाकी माझ्या हद्दीत ठेकेदारानं साग सपाट करत आणला होता. पण तो परवान्यानं तोडत होता, म्हणून त्याच्यावर माझं पित्त कधी खवळलं नाही.

पहिल्याच माघात एका सकाळी देवाच्या रानाकडून धूर दिसला. मी पळत वर गेलो. गावातली पाचपंचवीस माणसं रानाभोवतीचं वाळलेलं गवत पेटवत होती. दवानं गवत ओलसर होतं, आग गुडघ्याच्याही वर जात नव्हती. दोन्ही बाजूंनी माणसं पळसाचे ओले डहाळे घेऊन उभी होती आणि ज्वाळा वाकडी गेली की झोडपून विझवत होती. हे सगळं मी पाहिलं. पाहिलं, पण माझ्या डोक्यात शिरलं नाही. मला दिसले ते फक्त राखीव जंगलाला काडी लावणारे चोर.

सगळ्यांत पुढे एक म्हातारा होता. गावाचा पुजारा, देवाच्या रानाची राखण त्याच्याकडे. ते लोक आपसात त्यांच्या भाषेत बोलायचे, माझ्याशी अहिराणीत. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, हाई गवत आते जळी गयं ते उनाळामा आग आठेच थांबी जाई. तू बाजूले व्हय."

त्यानं मला 'तू' म्हटलं. ते लोक सगळ्यांनाच तू म्हणतात, देवालाही म्हणतात, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी माझं डोकं फिरलं. पहिली काठी त्याच्या पाठीत बसली. दुसरी खांद्यावर. तिसरी डोक्यावर येताना त्यानं उजवा हात आडवा धरला आणि मनगट मोडल्याचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला. वाळकी काटकी मोडावी तसा. तरी मी थांबलो नाही. तो खाली पडल्यावरही दोन हाणल्या. कुणी म्हणेल, रागाच्या भरात झालं. राग तिसऱ्या काठीलाच संपला होता. पुढच्या दोन मी लोक बघत होते म्हणून मारल्या.

त्याची विधवा लेक त्याच्यापाशीच राहायची. तिनं उचललेला दगड माझ्या भुवईवर बसला. ती खूण अजून आहे. रक्त डोळ्यांत उतरलं, मी आंधळ्यासारखी काठी फिरवली आणि ती तिच्या तोंडावर लागली. तिचे दोन दात राखेत पडले. मग मी बापलेकीला दोरानं बांधून नाक्यावर आणलं. त्याचा मोडका हात दोराच्या वर लोंबत होता. रेंजरसाहेबांनी माझी पाठ थोपटली आणि दोन दिवसांनी दोघांना सोडून दिलं. पुढच्या वर्षी कुणी काडी ओढली तर दुसराही हात मोडीन, असं मी गावात जाऊन सांगून आलो.

पुढच्या माघात कुणी काडी ओढली नाही. गवत छातीला लागेल इतकं वाढलं, वाळलं, आणि मी त्याच्याकडे बघून खूष होतो. माझा धाक बसला होता.

होळीनंतर आठवड्याभरानं भर दुपारी डोंगरापलीकडून आग आली. पलीकडे ठेकेदाराची कोळशाची भट्टी होती, तिथूनच ती सुटली. वाऱ्यावर ती माणसाच्या पळण्यापेक्षा जोरात आली. सागाचा वाळका पाला फटाफट उडत होता. पेटलेल्या अंगाचं एक भेकर माझ्या अंगावरून उडी मारून गेलं आणि पुढे जाऊन पडलं. मी गावाकडे पळालो, मदतीला बोलवायला. गावात कुणीच नव्हतं. सगळी माणसं आधीच देवाच्या रानाकडे वर गेली होती. मीही वर धावलो.

जिथं मोकळा जळका पट्टा असायचा तिथं त्यांच्यासमोर छातीभर गवत उभं होतं. म्हातारा ओरडून सांगत होता, आपणच समोरून पेटवू, आग आगीवर जाऊ दे. लेकीनं काडी काढली. आणि मी, माझ्यासारखा मूर्ख मीच, तिच्या हातावर काठी उगारली. तिनं कुऱ्हाडीचा दांडा माझ्या गुडघ्यावर हाणला. मी कोसळलो. तिनं काडी ओढली.

दोन आगी एकमेकींना भिडल्या तेव्हा कानठळ्या बसल्या. एका अंगाला पट्टा जळून मोकळा झाला, आग तिथं मेली. दुसऱ्या अंगाला उशीर झाला होता. तिथं म्हातारा डाव्या हातानं डहाळा मारत होता. वाकडा बसलेला उजवा हात नुसता छातीशी धरलेला. ज्वाळा वळली, डहाळा त्याच्या हातून सुटला. दुसरा हात धड असता तर त्यानं तोल सावरला असता. मी पडल्या जागेवरून हे पाहिलं. त्याला ओढून काढलं तेव्हा त्याची कातडी ओढणाऱ्यांच्या हाताला चिकटली. तिसऱ्या दिवशी तो मेला.

अर्धं रान गेलं, अर्धं राहिलं, झरा राहिला. माझ्या सगळ्या हद्दीत त्या उन्हाळ्यात हिरवं उरलं ते एवढंच.

रेंजरसाहेब म्हणाले, भट्टीचं लिहू नकोस, ठेकेदार मोठा माणूस आहे. एक मेला आहे ना, त्याच्यावर टाक. मी टाकलं. आग पुजाऱ्यानं लावली, असा जबाब मी माझ्या हातानं लिहिला आणि त्याच्याच लेकीचा अंगठा त्याखाली घेतला. तुझा बाप कसा मेला ते लिहिलंय, असं मी तिला सांगितलं. मला आजही त्याची शरम वाटते, आणि ती कमी होत नाही.

पुढच्या माघात पुन्हा धूर दिसला. मी काठी घेऊन वर गेलो. काठी का घेतली, सवयीनं म्हणू या. माणसं पट्टा जाळत होती. मला बघून डहाळे थांबले. ती लेक पुढे आली. त्या कागदात काय आहे ते तिला कुणीतरी वाचून दाखवलं होतं, हे तिच्या डोळ्यांवरून कळत होतं.

तिनं बोटानं जमिनीवरची गरम राख उचलली, अंगठ्याला चोळली आणि तो काळा अंगठा माझ्यापुढे धरला.

"साहेब, आज कोठे लावू?"

मी खाकी सदऱ्याचं छातीचं बटण धरून उभा राहिलो. तिनं वाट पाहिली, मग तो अंगठा माझ्या छातीवर टेकवला आणि पुन्हा पट्ट्याकडे गेली. तो सदरा मी धुतला नाही, पण उरलेली नोकरी मी दुसऱ्या सदऱ्यावर केली.