पेवातला घुमारा

ढोकीतल्या माझ्या स्टुडिओत निघालेली कॅसेट मी आजही दोन ओळींत ओळखतो. गाणाऱ्याच्या मागं एक गोल घुमारा येतो. तसा घुमारा आसपास कुणालाच काढता आला नाही, हे मी ठासून सांगतो. तो मला सुचला, असंही मी आजवर सांगत आलो. ते खोटं आहे.

स्टुडिओ म्हणजे गोठ्यामागची खोली. भिंतींना साखरेची रिकामी पोती ठोकलेली. त्यामुळं बाहेरचे ट्रॅक्टर ऐकू येत नसत, पण ती पोती गाण्यातला जीवही पिऊन टाकत. वाशीकडच्या मेंढपाळाच्या घरातली एक बाई जात्यावरच्या ओव्या रेकॉर्ड करायला आली. स्वतःचा आवाज ऐकून तिनं तोंड वाकडं केलं.

"मालक, ह्यो आवाज माजा न्हाय. शिळ्या भाकरीवानी लागतोय."

"मशीनच तेवढं आहे, अक्का."

"मशीन ऱ्हाऊ द्या. तुमच्या अंगणात रिकामं पेव हाय की. लहानपणी म्या पेव झाडाया उतरायची. आत गायलं की आवाज लई गोल व्हायचा."

ज्वारी साठवायला जमिनीत खणलेलं ते जुनं पेव. तोंड अरुंद, पोट मोठं. मी हसलो, पण त्याच दुपारी दोरीनं आत एक स्पीकर आणि एक माईक सोडला. तिचं गाणं पेवात वाजवलं आणि घुमून आलेला आवाज माईकनं वर घेतला. ऐकताना साथीला बसलेला ढोलकीवाला हात चालवायचंच विसरला.

कॅसेट गावोगाव वाजली. तिच्या पुढच्या कॅसेटच्या वेळी मुरुम गावचा एक दुकानदार मुद्दाम पेव बघायला आला.

"ही अक्कल कुणाची?"

"माझी," मी म्हणालो.

ती हाताच्या अंतरावर पोत्यावर बसली होती. राहिलेल्या दोन ओव्या गायली, पदर सावरला आणि गेली. पुन्हा माझ्याकडं आली नाही.

आता एक कॉलेज माझ्या स्टुडिओचा इतिहास छापतंय. तपासायला कागद आले, तर पेवाच्या प्रकरणात माझंच नाव. ते कागद घेऊन मी वाशीला तिच्या घरी गेलो.

"घर सापडलं व्हय, मालक? का तेबी तुमालाच सुचलं?"

तिच्यासमोर मी माझं नाव खोडलं, तिचं लिहिलं, वाचून दाखवलं. माफी मागितली.

"अन् कंदील?" ती म्हणाली.

मी कागदावरून मान वर केली.

"त्या दिशी पेवात उतराया तुमी पाय सोडून बसला होता. आदी कंदील सोडा म्हणून सदरा कुणी धरला? ते बी लिवा. न्हायतर हे वाचून कुणीतरी तसाच उतरंल अन् गुदमरंल."

मी तेही लिहिलं. पेव उघडल्यावर आधी दोरीनं पेटता कंदील सोडायचा. विझला, तर माणसानं उतरायचं नाही.

त्या दुपारी तो विझला होता.