खालच्या आवाजाचे पाय

कायतान मास्तरांनी माझ्या कागदावर तांबड्या पेन्सिलीने फुली मारली. ही सातवी.

कर्जतला रेल्वेच्या कामगारांचा बँड होता. मी त्यात क्लॅरिनेट वाजवायचो. मास्तर मूळचे गोव्याचे. त्यांना हाताखाली असिस्टंट हवा होता आणि त्याला काउंटरपॉइंट लिहिता यायलाच हवं, ही त्यांची अट. असिस्टंटला राहायला खोली मिळायची. मला हुद्द्याशी देणंघेणं नव्हतं, खोलीशी होतं. आम्ही बाकीचे बराकीत झोपायचो आणि माझी बायको गोदा कोंडाणे गावी, माझ्या आईजवळ. रविवारी साहेबलोकांपुढे वाजवावं लागे, त्यामुळे घरी जाणं महिन्यातून एकदा. लग्नाला तीन वर्षं झाली होती. भाकरी खाताना, वाद्य पुसताना, सारखी तिची आठवण यायची. नुसता जीव तुटायचा.

काउंटरपॉइंट म्हणजे एका चालीखाली दुसरी चाल लिहायची. दोन्ही एकदम वाजल्या तर गोड लागाव्यात, पण दोन्ही वेगळ्या ऐकू याव्यात. मी लिहायचो ती दुसरी चाल पहिलीच्या मागोमाग जायची. वर सा तर खाली सा, वर रे तर खाली रे. त्यात माझा काय दोष? आमच्या भजनात पेटीवाला गवयाच्या पाठोपाठ गेला की लोक माना डोलवतात. त्यालाच आम्ही साथ म्हणतो.

मास्तर म्हणाले, "हा दुसरा आवाज नव्हे रे, पहिल्याची सावली आहे. याला स्वतःचे पाय दे."

वरचा चढला की खालचा बहुतेक वेळा उतरवायचा, हे त्यांनी दहादा सांगितलं होतं. डोक्यात शिरत होतं, हातात उतरत नव्हतं.

त्या महिन्यात घरी गेलो तर अंगणात आई आणि गोदा भात कांडत होत्या. उखळ एक, मुसळं दोन. आईचं मुसळ वर गेलं की गोदाचं खाली. दोघी एकमेकींकडे बघतसुद्धा नव्हत्या, आणि मुसळावर मुसळ एकदाही आदळलं नाही. जन्मभर पाहिलेलं ते काम मी उभा राहून बघतच राहिलो.

"काय बघतोस रं? येड लागलं का?" आई म्हणाली.

परत येऊन आठवा कागद लिहिला. वरचा आवाज मास्तरांनी फिडलवर धरला, खालचा मी क्लॅरिनेटवर. दोन्ही आवाज एका सुरावरून निघाले, लांब गेले आणि शेवटी एका सुरावर आले. मास्तरांनी पेन्सिल कानामागे खोचली आणि खोलीची किल्ली माझ्यापुढे ठेवली.

मी खोलीला चुना लावला, चूल मांडली. गोदाच्या लुगड्यासाठी भिंतीत खुंटी ठोकली. पुढच्या सुट्टीला तिला आणायला गेलो. ती कांडतच होती. मी किल्ली दाखवली. ती हसली, पण मुसळ काही खाली ठेवलं नाही.

"आत्याबाईला एकलीला टाकून कशी येऊ? हे मुसळ कोन धरंल?"

मी म्हटलं, आईलाही घेऊन जाऊ.

"त्या नाय यायच्या. शेत हाय, म्हस हाय." मग हळूच म्हणाली, "आन तुमी मला इचारलं कवा?"

तीन वर्षं मी मनातल्या मनात तिच्याशी बोललो होतो, आणि तिची उत्तरंही मीच दिली होती. किल्ली कनवटीला लावून मी कर्जतची वाट धरली.

पुढे बँडमधल्या कितीतरी जणांना मी काउंटरपॉइंट शिकवला. खालचा आवाज तुमच्या मागे येईल असं धरून चालू नका, हे पहिल्याच दिवशी सांगायचो. पोरं मान हलवायची आणि सावलीच लिहून आणायची. मी फुली मारायचो, रागवायचो नाही.

गोदा आली ती नऊ वर्षांनी, आई गेल्यावर. तोवर त्या खुंटीला माझाच कोट असायचा.