मौसाजी, खारी आणि चिलमीची साफी

माझ्या मौसाजींइतका संशयी माणूस खामगावात आजवर झाला नाही, आणि पुढे होईल असंही मला वाटत नाही. मौसाजी म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. लोकांना जे सरळ दिसे, त्यात मौसाजींना काहीतरी दडवलेलं दिसे. यात त्यांचा दोष थोडा आणि कामाचा जास्त. जन्मभर त्यांनी जिनिंगमध्ये कापूस पारखला. वजन वाढावं म्हणून कोणी कापसावर पाणी मारलंय का, हे पाहायला ते गाडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात खुपसत, डोळे मिटत आणि म्हणत, "वरून कोरडा हाय, आतून ओला." निवृत्तीनंतरही तो हात स्वस्थ बसला नाही. गव्हाच्या कोठीत, किराण्याच्या पिशवीत, पाहुण्यांनी आणलेल्या पेढ्यांच्या खोक्यातसुद्धा तो तळापर्यंत जाऊन येई. दूधवाल्याला ते पहिला घोट स्वतःसमोर प्यायला लावत. माझ्यासारखा निरुपद्रवी ग्रंथपालही सुटला नाही. मी त्यांच्या ओसरीवर पुस्तक घेऊन बसलो की मावशीला हळूच विचारत, "एवढं काय वाचून राह्यला वं हा? कोन्या भानगडीत तं नाही?"

त्यांचा एकुलता एक मुलगा नीलेश शिकायला पुण्याला गेला, आणि इकडेतिकडे हिंडणाऱ्या या संशयाला कायमचा पत्ता मिळाला. टीव्हीवर कधी पुड्या दिसत, कधी धाडी, कधी तोंडाला रुमाल बांधलेली पोरं. मौसाजी टीव्हीजवळ जाऊन रुमालावरचे डोळे निरखून पाहत. त्यातच एकदा शाळेच्या मैदानावर पोलिसांच्या कुत्र्याचं प्रात्यक्षिक झालं. कुत्र्यानं ओळीनं ठेवलेल्या पिशव्या हुंगल्या आणि न भुंकता तो एका पिशवीपुढे शांत बसला. बसला नाही, असं कोणी म्हणालं तर मौसाजी भडकत. तो बसलाच, आणि त्या पिशवीतच गांजा होता, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं. घरी येऊन त्यांनी अंगणात पसरलेल्या आपल्या गावठी कुत्रीकडे पाहिलं. बेकरीतल्या खारीसारखा रंग म्हणून तिचं नाव खारी. "फुकटची भाकर खाऊन राह्यली," ते म्हणाले. "उद्यापासून ड्युटी."

अडचण एकच होती. शिकवायला गांजाचा वास हवा, आणि तो आणायचा कुठून? पोलिसांना विचारावं तर "मलेच धरतीन ना बे!" शेवटी महाशिवरात्रीच्या यात्रेत त्यांना एक जटाधारी बाबा भेटला. चिलीम ओढताना तिच्या बुडाशी जे ओलं फडकं धरतात, त्याला साफी म्हणतात. मौसाजींनी बाबाला कोरं उपरणं दिलं आणि त्याची जुनी, पिवळी पडलेली साफी घेतली. गांजा नाही, पण गांजाचा वास आहे, म्हणजे कायदाही शाबूत. मावशीनं ते फडकं घरात घ्यायला साफ नकार दिला. बऱ्याच वादानंतर तिनं घट्ट झाकणाचा एक रिकामा डबा पुढे केला, त्यात हिंग असायचा. "थांबा, धुऊन देते," ती म्हणाली. आणि इथे जन्मभराच्या कापसानं घात केला. "धुऊ नको!" मौसाजी ओरडले. "ओल राहीन. ओल राह्यली का माल गेला."

मग तालीम सुरू झाली. डबा कधी गादीखाली, कधी शिवणाच्या मशीनमागे, कधी तुळशीजवळ. खारी शोधायची, डब्यापुढे बसायची, तूप लावलेली भाकरी खायची. ती इतकी तयार झाली की तिला गल्लीत फिरवल्याशिवाय मौसाजींना चैन पडेना. आणि गल्लीत खारी जिथेतिथे बसू लागली. शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखाली बसली, पापडवालीच्या टोपलीपुढे बसली. सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींच्या झोळीत पोटदुखीचं चूर्ण होतं, तिथेही ती बसली आणि उठेना. मौसाजींनी त्या दिवशी तीर्थ घेतलं नाही. संध्याकाळी मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "अर्धी गल्ली लागली हाय रे नशेले. गुरुजी बी." मी म्हटलं, "मौसाजी, कुत्रीचीच काही चूक असेल." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्यानं खिसे चाचपले.

दिवाळीत नीलेश आला. खारी नाचली, त्याच्या तोंडापर्यंत उड्या मारल्या, मग त्याची बॅग हुंगली आणि बॅगेपुढे बसली.

मौसाजींचा चेहरा मी तेव्हा पाहिला. इतकी वर्षं ज्या गोष्टीचा ते संशय घेत आले होते, ती खरी निघू नये म्हणून हा माणूस मनातल्या मनात हात जोडत होता. पण हात जोडायला मोकळे नव्हते. ते बॅगेत गेले होते. ओसरीवर, शेजाऱ्यांसमोर, शर्ट निघाले, टॉवेल निघाला, आतले कपडे निघाले. तळाशी स्टीलचा डबा लागला. मौसाजींनी तो उघडला. मोहरी, हळद, जिरं आणि पुडीत हिंग. मेसचं जेवण सोसेना म्हणून पोरगा हातानं रांधून खात होता, आणि आईकडून घरचं तिखट न्यायला डबा घेऊन आला होता.

"अवो, हिंगावर बसते ते!" मावशीला हसू आवरेना. "माह्या डब्याचा वास शिकोला तुमी तिले!" शेजारी हसले, मीही हसलो. नीलेश हसला नाही. एकेक कपडा उचलून झटकत तो म्हणाला, "मले इचारलं असतं तं मीच खोलून दाखोली असती, बाबा."

भाऊबीज होताच तो गेला. त्यानंतर फोन आईलाच येई. मौसाजी शेजारी बसून ऐकत, आणि फोन ठेवला की विचारत, "मले काही म्हटलं का त्यानं?" मावशी खोटं बोलायची. ते खोटं आहे हे त्यांना कळायचं, पण पहिल्यांदाच त्यांनी खोट्याची तपासणी केली नाही. साफी त्यांनी जाळली. चुकलो, एवढं म्हणणं मात्र त्यांच्या जिभेला कधी जमलं नाही. हिवाळ्यात एकदा कोणाला न सांगता ते पुण्याला जाऊन आले. विचारलं तर म्हणाले, "पाहून आलो. बरा हाय."

गेल्या महिन्यात मौसाजी गेले. तेरवीची पंगत उठल्यावर नीलेश माझ्याजवळ येऊन बसला आणि त्या पुण्याच्या फेरीचं आपणहून सांगू लागला.

"मी कॉलेजले निघतच होतो, अन् दारात बाबा. मी बी रागातच होतो. किल्ली हातात देली, म्हटलं, आराम करा, काय पाह्यचं ते पाहून घ्या. संध्याकाळी आलो तं पायरीवर बसून होते. कुलूप जसंच्या तसं. म्हटलं, बाबा, आत काऊन नाही बसले? तं म्हने, तुह्या खोलीत तू नसताना कसा जाऊ बे मी?"

आत मावशी कोणाला तरी पानसुपारी देत होती.

"थंडी होती, दादा, त्या दिवशी," नीलेश म्हणाला. "पायरी लई गार होती."