पाठीमागची घोंगडी

आम्हा धनगरांच्या देवावर, बिरोबावर, माझा राग होता. आता त्याच्यापुढे हात जोडते म्हणून तो राग नव्हताच असं सांगितलं तर ते खोटं होईल. मी दीड वर्षाची असताना आमचं बिऱ्हाड मेंढरं घेऊन कोकणातून परतत होतं. वाटेत मला ताप भरला. घोड नदीला पाणी आलेलं, मेंढरं पलीकडे उतरेनात, आणि बिऱ्हाडातल्या एका जाणत्यानं माझ्या पायांना भंडारा फासून सांगितलं, "देवानं पाय धरल्यात. सोडंल आपसूक." आबा, म्हणजे माझे वडील, त्या बोलण्यावर विसंबून तीन दिवस नदीकाठी थांबले. ताप उतरला, पण धरलेले पाय देवानं सोडले नाहीत. त्या तीन दिवसांबद्दल आबा पुढे कितीतरी वर्षं बोलले नाहीत. मला ते आईकडून कळलं, तेही एकदा भांडणाच्या भरात तिच्या तोंडून निघून गेलं म्हणून.

आणखी एक गोष्ट आधीच कबूल करते. मी अठरा वर्षांची असताना पुण्याच्या एका डॉक्टरांनी मला सांगितलं होतं की पोलिओवर औषध नव्हतंच; त्याच दिवशी दवाखान्यात नेलं असतं तरी पाय वाचले नसते. हे मी आबांना सांगितलं नाही. विसरले नव्हते, मुद्दाम सांगितलं नाही. माझे पाय गेले, तर त्यांच्याही जिवाला काहीतरी बोचत राहू दे, असं मला वाटायचं. ते रोज सकाळी मला उचलून व्हीलचेअरमध्ये बसवायचे तेव्हा मी त्यांच्या तोंडाकडे बघायची आणि गप्प राहायची. माझ्याइतकी द्वाड पोरगी शोधून सापडली नसती.

मेंढरं विकल्यावर आबा शिरूरच्या मार्केट यार्डात एका गोडाऊनवर राखणदार झाले. दौंडच्या रेल्वे कॉलनीत एक निवृत्त गार्डसाहेब होते. त्यांच्या मुलीलाही पोलिओ. रविवारी ते कॉलनीतल्या हॉलमध्ये अपंग पोरापोरींना टेबल टेनिस शिकवायचे. आबा मला तिथं घेऊन जायचे, आणि मला त्या खेळाचं वेडच लागलं. खुर्चीत बसून कुणाला तरी हरवता येतं, हे मला तोवर ठाऊकच नव्हतं. साहेबांनी हॉलमधलं जुनं टेबल टेम्पोत घालून आमच्या गोडाऊनवर पाठवून दिलं. त्याचा अर्धा भाग उभा केला की चेंडू त्यावर आपटून परत यायचा, समोर माणूस लागायचा नाही. सकाळचा लिलाव उरकला की दुपारी गोडाऊन रिकामं असायचं. आबा फाटकाशी लिंबाखाली आडवे व्हायचे आणि मी एकटी खेळायची.

पुढच्या स्पर्धेतून राज्याच्या स्पर्धेसाठी एकीची निवड होणार होती. इकडे मामांनी खटपट करून अपंगांच्या कोट्यातून एसटी स्टँडजवळ माझ्या नावानं फोनचं बूथ मिळवलं होतं. घरात ठरलं की निवड झाली तर खेळ, नाही झाली तर सकाळी सातपासून रात्री दहापर्यंत त्या काचेच्या पेटीत बसायचं. मामा म्हणाले, "खेळ काय आन् बूथ काय, दोन्हीकडं बसायचंच हाय की!" त्यांचं चुकत नव्हतं, म्हणूनच मला जास्त झोंबलं.

माझी खरी अडचण चेंडूची होती. पायांवर चालणारा माणूस चुकलेला चेंडू वाकून उचलतो. माझा चुकलेला चेंडू पाठीमागे कांद्याच्या गोण्यांत जाऊन बसायचा. काठीला जाळी बांधून तो काढता काढता अर्धी दुपार सरायची. पाठीमागे काहीतरी जाडजूड टांगायला हवं होतं.

आमच्या घरात बिरोबाची एक काळी घोंगडी आहे. दर रविवारी ती चार पदरी घडी घालून, काठ उगवतीकडे करून अंथरायची आणि वर भंडारा वाहायचा. देव येऊन तिच्यावर बसतो म्हणतात. माणसानं तिला पाय लावायचा नाही, ती पांघरायची नाही, टांगायची तर नाहीच. मी ती पेटीतून काढली आणि हमालाकडून माझ्या खुर्चीमागच्या दोरीवर टांगून घेतली. आबांनी पाहिलं.

"बाय, ती द्यावाची बसायची हाय," एवढंच ते म्हणाले.

"बसून काय करतोय? उभा राहू दे जरा," मी म्हणाले.

मला वाटलं आता कानाखाली बसणार. पण ते घोंगडीकडे बघून म्हणाले, "बरं. ऱ्हाऊ दे उभा." मी जिंकले असं मला वाटलं. आज आठवलं की मान खाली जाते.

पहिले आठ-दहा दिवस काही झालं नाही. चुकलेला चेंडू पाठीमागे घोंगडीवर थप्प आदळायचा, मग खाली पडून टुकटुक करत थांबायचा. तो आवाज माझ्या कानात इतका बसला की न बघताही चेंडू कुठं आहे ते कळायचं. एका दुपारी थप्प झालं आणि टुकटुक झालंच नाही. मी हात थांबवला. बाहेर उन्हात साधं पाखरूही बोलत नव्हतं. खुर्ची वळवून बघितलं तर घोंगडी सरळ लोंबत होती आणि खाली फरशीवर काहीच नव्हतं. घडीत अडकला असेल म्हणून पुन्हा टेबलाकडे वळले, तर चेंडू माझ्या उजव्या चाकाला टेकून थांबला होता. चैत्राचं ऊन पत्र्यावर तापत होतं आणि मला ओल्या लोकरीचा वास येत होता, नदीतून बाहेर आलेल्या मेंढराच्या अंगाला येतो तसा.

मग हे रोजचं झालं. मी चुकायची, पाठीमागे थप्प व्हायचं, मधे जरा वेळ जायचा आणि चेंडू घरंगळत उजव्या चाकाशी यायचा, नेहमी उजव्याच, कारण डाव्या हातानं खुर्ची धरली की माझा उजवा हातच खाली पोचतो. आबा काहीतरी करत असतील म्हणून मी एकदा खेळता खेळता एकदम वळले. ते लांब फाटकाशी घोरत होते, इथवर ऐकू येत होतं. घोंगडी मात्र मधोमध थोडी फुगलेली होती. वारा पडलेला असताना ती फुगली होती, आणि मी बघता बघता हळूहळू सपाट झाली. मी कसंबसं विचारलं, "कोण हाय?" फक्त एक चेंडू घोंगडीखालून निघाला, सावकाश घरंगळत आला आणि चाकाला लागून थांबला.

गोष्टींत दाखवतात तसं मी तिथं पाया पडले नाही. मला भयंकर भीती वाटली, आणि भीतीपेक्षा जास्त हट्ट होता. उभा राहतोस काय, मग राहाच! रोज चार तास, तीन महिने मी खेळत राहिले. पाठीमागे कोण आहे ते पुन्हा विचारलं नाही, वळूनही बघितलं नाही. माझा हात मात्र असा बसला की गार्डसाहेब म्हणाले, "पोरी, तुला शिरूरला कोण शिकवतं?" मी म्हटलं, "कुणी न्हाई."

स्पर्धेच्या दिवशी मार्केट यार्डाला सुट्टी होती. आबांनी गोडाऊनला कुलूप लावलं, किल्ली करगोट्याला बांधली आणि आम्ही एसटीनं दौंडला गेलो. निवडीचा सामना पुण्याच्या एका मुलीशी होता. तिची खुर्ची हलकी, हात लांब. तेव्हा गेम एकवीस गुणांचा असायचा, तीनपैकी दोन जिंकायचे. पहिला मी वाईट हरले. कारण सांगितलं तर लोक हसतील. माझा चुकलेला चेंडू लांब भिंतीवर टणटणत जायचा आणि पाठीमागून थप्प येत नव्हतं. तिथली मोकळी जागा मला मानेवर जाणवत होती. इतके दिवस ज्याची भीती वाटली, तो आज नाही याची भीती त्याहून मोठी निघाली. मध्यंतरात मी आबांचा हात धरला. "आबा, घोंगडी कुठाय?"

"मागंच हाय, बाय," ते म्हणाले. "तू फुडं बघ."

मला वाटलं कुलूप लावण्याआधी त्यांनी ती पिशवीत घालून आणली असेल आणि पाठीमागच्या खुर्चीवर टाकली असेल. दुसरा गेम मी घेतला. तिसरा वीस-वीसवर आला, आणि पुढचा गुण मला मिळाला. आणखी एक मिळाला की झालं. हातात चेंडू होता, आणि एकाएकी मला लाज वाटली, अगदी पोटातून. तीन महिने मी त्याला उभा ठेवला होता. देव म्हणा, काय म्हणायचं ते म्हणा, कुणीतरी माझ्यासारख्या तोंडाळ पोरीचे चेंडू निमूटपणे गोळा करून दिले होते. मी मनातल्या मनात म्हटलं, बिरोबा, दमला असशील रे. आता बस. हे माझं मी बघते. ओठसुद्धा हलवले नव्हते. मी चेंडू टाकला. तिनं परत दिला, मी दिला, पुन्हा तिनं दिला, मग मी काय केलं ते मला खरंच आठवत नाही. हॉलमध्ये टाळ्या वाजल्या तेव्हा कळलं की निवड झाली.

परतताना एसटीत मी आबांना म्हटलं, "घोंगडी द्या, मांडीवर घेते." ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "ती शिरूरलाच हाय. दोरीवर. तुला धीर यावा म्हून म्हनलो." मला राग यायला हवा होता, पण आला नाही.

दिवेलागणीला गोडाऊनवर पोचलो. आबांनी करगोट्याची किल्ली सोडून कुलूप काढलं आणि मला आत ढकलत आणलं. दोरी रिकामी होती. घोंगडी फरशीवर अंथरलेली होती, चार पदरी घडी घालून, काठ उगवतीकडे करून. सकाळी निघताना आम्ही दोघांनीही ती दोरीवर बघितली होती. आता तिच्या मधोमध खळगा पडला होता, जड माणूस बराच वेळ बसून नुकताच उठावा तसा, आणि खळग्यात माझे सरावाचे सहा चेंडू होते. गोडाऊनभर ओल्या लोकरीचा वास भरला होता.

आबा घोंगडीपुढे खाली बसले. "बिरोबाच्या नावानं चांगभलं," ते पुटपुटले, आणि मग घोंगडीकडे बघतच म्हणाले, "मी तीन दिस नदीवर थांबलो व्हतो, बाय. तीन दिस. माझ्या पायी तुझं पाय गेलं."

मी खुर्ची त्यांच्याजवळ नेली. "आबा, न्हाई गेले तुमच्यामुळं. डॉक्टर म्हणाले होते, त्याच दिवशी नेलं असतं तरी गेलेच असते."

त्यांनी वर बघितलं. "कवा म्हनले?"

"सहा वर्षं झाली."

आता ते मला बोलतील, तर बोलू देत, असं ठरवून मी मान खाली घातली. त्यांनी घोंगडीच्या विणीत मुरलेला भंडारा बोटावर घेतला आणि माझ्या कपाळाला लावला. "म्हंजी सा वर्सं तूबी नदीवरच थांबली व्हतीस की गं," ते म्हणाले.

मी त्यांच्या डोक्यावर डोकं टेकून रडले. इतकं रडले की आबाच मला गप्प करू लागले.

राज्याच्या स्पर्धेत मी पहिल्याच फेरीत हरले, तेही सांगून टाकते. पुढे चार वर्षं खेळले, आणि शेवटी मामांच्या बूथवरही बसले. तिथं मला वाटलं होतं तेवढं वाईट नव्हतं. त्या तीन महिन्यांत गोडाऊनमध्ये कोण होतं, यावर मी कुणाशी वाद घालत नाही. मला इतकंच कळलं की मी त्याला बस म्हटलं तेव्हा माझ्याही जिवाला बसता आलं. दर रविवारी घोंगडी आता मीच अंथरते. खुर्चीतून वाकून चारही कोपरे सारखे करायला मला वेळ लागतो. आबा बाजूला बसून बघतात, आणि मदतीला येत नाहीत.