थर्ड पार्टीचा विमा

आमच्या ह्यांची परभणीत स्टेशनसमोर टॅक्सी होती, जुनी अँबॅसिडर. हात चांगला होता, पण स्वभावात घाई फार. एकदा टांग्याला धडक बसली, एकदा मोंढ्यातल्या दुकानाच्या पायऱ्यांवर गाडी चढली. त्यानंतर विम्याचा एजंट घरी आला तो तोंड पाडूनच.

"भाऊ, फुल विमा घ्यायचा तर कंपनी जास्तीचा हप्ता मागायलीय. दोनदा क्लेम झालाय ना तुमचा. थर्ड पार्टीचा सक्तीचा हाय, त्यो तेवढा करून टाका."

मी स्वयंपाकघरातून विचारलं, "थर्ड पार्टी म्हंजे कोण?"

"आपल्या गाडीनं ज्याला लागंल त्यो, वहिनी. गाडीचं नुकसान झालं तर तुमचं तुमी बघायचं. दुसऱ्या माणसाचं कायी झालं तर कंपनी भरंल."

ज्याचं नाव-गाव माहीत नाही अशा माणसासाठी दर वर्षी हप्ता भरायचा, याचं मला नवलच वाटलं. ह्यांनी तेवढाच विमा घेतला. दिवस ओढगस्तीचे होते. विद्यापीठाच्या नामांतरावरून शहर सारखं बंद व्हायचं, आणि बाजार उघडला की हे बुडालेला धंदा भरून काढायला लागोपाठ फेऱ्या मारायचे.

अशाच एका बंदनंतर हे देवगाव फाट्याला लग्नाची माणसं सोडून रिकाम्या गाडीनं परत येत होते. आदल्या दिवसापासून पाठ टेकलेली नव्हती. भर दुपारी पेडगावजवळ गाडी एका सायकलवाल्यावर गेली. पंचविशीचा शेतकरी, सायकलच्या मागं पेंडीचं पोतं बांधून घराकडं निघालेला. ह्यांनी त्याला उचलून मागच्या सीटवर निजवलं आणि परभणीच्या सरकारी दवाखान्यात आणलं. डॉक्टरांनी नाडी बघितली आणि मान हलवली. त्याच्या घरचे येईपर्यंत हे तिथंच थांबले, मग पायीच पोलीस ठाण्यात गेले.

जामिनावर सुटून आले तेव्हा सदऱ्याची बाही रक्तानं कडक झाली होती. मी अंघोळीला पाणी काढलं. ते निवून गेलं तरी हे भिंतीला टेकून बसलेलेच.

त्या माणसाच्या बायकोनं भरपाईचा दावा लावला. ह्यांच्या साक्षीच्या आधी विमा कंपनीचा वकील आमच्याकडं आला. माणूस गोड बोलणारा. "सायकलवाला एकदम आडवा आला, एवढंच सांगा. कंपनीला कमी भरावं लागेल आणि तुमची फौजदारीही हलकी होईल."

तो गेल्यावर मी म्हणाले, "अहो, म्हणा की तसं. आपल्याला दोन लेकरं हायत."

"तिलाबी एक हाय," हे म्हणाले. "दवाखान्यात कडेवर घेऊन आल्ती."

कोर्टात ती सासऱ्याशेजारी बसली होती, पदर कपाळापर्यंत ओढलेला. माझ्याहून पुष्कळ लहान. ह्यांना विचारलं तसं हे खाली न बघता बोलले, "त्यो आडवा आला न्हवता, साहेब. कडंनं नीट चालला व्हता. माझाच डोळा लागला."

वकिलानं हातातला कागद टेबलावर आपटला. म्हातारा सासरा मोठ्यानं रडायला लागला. शिपायानं त्याला धरून बाहेर नेलं. ती मात्र हलली नाही.

तिला पुरती भरपाई मिळाली. फौजदारी खटल्यातही ह्यांनी तेच सांगितलं आणि कैद झाली. विमा पैसे भरतो, कैद ज्याची त्यालाच भोगावी लागते. हे आत असताना एजंट येऊन गेला. "आता ह्या गाडीचा विमा कोण करंल असं वाटत न्हाई, वहिनी," असं चाचरत म्हणाला. मी गाडी विकून टाकली. नेणाऱ्यानं ती चालू केली तेव्हा मी आतल्या खोलीत जाऊन बसले.

सुटल्यावर हे कापसाच्या जिनिंगमध्ये राखणदार झाले. स्टिअरिंगला पुन्हा कधी हात लावला नाही. दुपारी अंग मोडून ताप असला तरी आडवे होत नसत. उघड्या डोळ्यांनी छताकडं बघत बसत.

पुढं कितीतरी दिवसांनी एस.टी. स्टँडवर त्या सायकलवाल्याची बायको मला दिसली. तिनंच ओळखलं. जवळ आली, पिशवी खाली ठेवली.

"तुमचे मालक कसे हायत?"

"हायत," मी म्हणाले.

 ती म्हणाली, "त्यायनी खोटं बोलायला पायजे व्हतं, बाई. मला त्यांचा राग तरी धरता आला असता. आता कुणावर राग काढू?"

तिची गाडी लागली. ती गर्दीतून चढली, खिडकीपाशी काही दिसली नाही.

संध्याकाळी मी ह्यांना सगळं सांगितलं.  त्यांनी एवढंच विचारलं, "लेकरू केवढं झालंय?"

ते मी तिला विचारलंच नव्हतं.