सरांची शाल माझ्या पिशवीत हाय

मंडळी, आज मी मुद्दाम एक वाईट काम केलं, आणि मला लय बरं वाटायलंय.

मी परभणीत कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते. दोन वर्षांपूर्वी एका चर्चासत्रात मी रचनावादावर बोलले होते. म्हणजे, देशांचं वैर नुसत्या शस्त्रांवर ठरत नाही. ते एकमेकांना काय समजतात, कसा मान देतात, यावरही ठरतं. आमचे तेव्हाचे विभागप्रमुख सर भर सभेत म्हणाले, "बाई, जग बळावर चालतं. मान-अपमान बायकांच्या हळदीकुंकवात." सगळा हॉल हसला.

सर आता रिटायर झालेत. आज कॉलेजच्या कार्यक्रमाला पाहुणे म्हणून आले, आणि सत्काराची यादी माझ्या हातात होती. चार पाहुण्यांना शाल-श्रीफळ दिलं. पाचवं नाव सरांचं, ते मी वाचलंच नाही.

सर जेवले नाहीत. मला व्हरांड्यात गाठून म्हणाले, "चार लोकांत माझा अपमान करायलात का तुमी?"

मी म्हणलं, "सर, शाल म्हणजे नुसतं कापड हाय. जग तर बळावर चालतं ना?"

सर मान खाली घालून गेटाकडं निघाले. ती खाली गेलेली मान बघायला मी दोन वर्षं थांबले होते.

रचनावाद असंही सांगतो की वैरी जन्माला येत नाही, एकमेकांच्या वागण्यातून घडतो. सुरुवात सरांनी केली, पुरं मी केलं.

शाल अजून माझ्या पिशवीत हाय. नेऊन द्यावी का? खरं सांगा. फक्त "द्या" म्हणू नका.