भाकरीतला खळगा

हल्ली ताई भाकरी थापते तेव्हा तिच्यात बोटाचा खळगा पडतो आणि भाकरी तिथेच चिरते.

"पीठ जुनं असेल गं."

"पिठाचं राहू दे, हात दाखव," मी म्हटलं. तिचा तळवा ओट्यावर सपाट टेकेना. करंगळीशेजारचं बोट आत वळलं होतं.

डॉक्टर म्हणाले, तळव्याच्या कातडीखालचा पट्टा दोरीसारखा घट्ट होतो आणि बोट आत ओढत नेतो. ऑपरेशननं बोट सुटतं, पण पुन्हा वळूही शकतं. "घरात आणखी कुणाला होतं?"

बाबांची मूठ शेवटी उघडत नव्हती. आम्ही ते म्हातारपण समजलो. न दुखणाऱ्या गोष्टींकडे घरात कोण बघतं?

"आता भाकऱ्या तूच थाप, बाई," रिक्षात ताई हसली.

मी हो म्हटलं. माझ्या तळव्यात, त्याच बोटाखाली, एक टणक गाठ आहे. दुखत नाही.